टी-पेशी उपचाराची मुंबईतील वाटचाल : परळ ते खारघर (१८९७–२०२५)

प्रस्तावना

कर्करोगावरील उपचारांचा इतिहास सामान्यतः शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे या तीन टप्प्यांत मांडला जातो. गेल्या काही वर्षांत त्याला चौथा टप्पा जोडला गेला आहे. रुग्णाच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींनाच कर्करोगाविरुद्ध उभे करणे, हे या टप्प्याचे सूत्र होय. यातील टी-पेशींवर आधारित उपचाराचे भारतात बनलेले पहिले रूप मुंबई आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून तयार झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने त्याला मान्यता दिली. वृत्तपत्रांनी या घटनेचे स्वागत एक अचानक लागलेला शोध म्हणून केले. वस्तुतः या उपचारामागे मुंबईतील संस्थांची सव्वाशे वर्षांची परंपरा उभी आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय या घटनेचे महत्त्वही नीट कळत नाही व तिच्या मर्यादाही कळत नाहीत.

प्रस्तुत लेखात या परंपरेचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, वैद्यकातील ज्ञान जगात कोठेही निर्माण होवो, ते आपल्या रुग्णापर्यंत तेव्हाच पोचते जेव्हा ते ज्ञान हाताळणारी माणसे आणि ते औषध बनविणारी जागा आपल्याकडे तयार होते. परळच्या इतिहासात हे एकदा नव्हे, तर चार वेळा दिसून येते. मात्र औषध इथे बनले म्हणजे ते सर्वांना मिळाले असे होत नाही. तो प्रश्न अद्याप सुटलेला नाही, आणि त्याचा विचारही या लेखाच्या शेवटी केला आहे.

परळची पूर्वपीठिका : प्लेगची लस

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. सरकारने त्या वेळी भारतात पटकीच्या लसीवर काम करीत असलेल्या वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत, थोड्या मदतनिसांच्या साहाय्याने, त्यांनी काही आठवड्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली.

लस तयार झाली तरी लोक ती घेण्यास तयार नव्हते. प्लेगच्या काळातील सरकारी सक्ती, घरझडत्या आणि विलगीकरण छावण्या यांमुळे सरकारी सुईविषयी भीती व संशय होता. अशा वेळी तरुण वयातील तिसरे आगाखान सर सुलतान महंमद शाह यांनी स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतली, आपल्या खोजा समाजातील हजारो लोकांना ती घेण्यास प्रवृत्त केले आणि प्रयोगशाळेसाठी माझगाव येथील आपली ‘खुश्रू लॉज’ ही वास्तू उपलब्ध करून दिली. पुढे १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात हलली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

या प्रसंगातून दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, लस मुंबईतच बनत होती, म्हणून ती मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होऊ शकली. दुसरी, लस बनणे पुरेसे नव्हते. ती लोकांपर्यंत पोचण्यासाठी विश्वास निर्माण करणारी आणि जागा व पैसा देणारी समाजातील माणसे लागली. शरीराच्या संरक्षक शक्तीला शिकवून रोगाशी लढविणे हा विचार मुंबईला असा जवळून परिचयाचा झाला.

एका मृत्यूतून उभे राहिलेले रुग्णालय

१९३१ मध्ये लेडी मेहरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने परदेशात निधन झाले. उत्तम साधने हाताशी असूनही त्या काळी या रोगावर परिणामकारक असा कोणताही उपचार नव्हता. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी पत्नीच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी लेडी टाटा स्मारक न्यास स्थापन केला. १९३२ मध्ये दोराबजींचेही निधन झाले. त्यांच्या न्यासाच्या निधीतून परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कर्करोग यांतील संबंधावर त्यांनी केलेले काम आजही महत्त्वाचे मानले जाते. पाश्चात्त्य ग्रंथांतील कर्करोग आणि आपल्या लोकांना होणारा कर्करोग सारखे नाहीत, येथील सवयी व राहणीमान यांचा स्वतंत्र अभ्यास करावा लागेल, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. टाटा स्मारक रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. देणगीतून सुरू झालेली संस्था अशा रीतीने सार्वजनिक निधीवर चालणारी संस्था झाली. पुढील घटनांच्या दृष्टीने हा बदल निर्णायक ठरला.

पेशी वाढविण्याची विद्या : कमल रणदिवे

टी-पेशी उपचाराचा प्रयोगशाळेतील पाया म्हणजे मानवी पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवणे व वाढविणे. ही विद्या परळमध्ये रुजविण्याचे श्रेय डॉ. कमल रणदिवे यांच्याकडे जाते. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ यांचे वडील दिनेश समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. हुजूरपागा शाळा, फर्ग्युसन महाविद्यालय आणि पुण्याचे कृषी महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली.

त्यानंतर त्या पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकण्यासाठी अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढविण्यात पहिले यश याच प्रयोगशाळेला मिळाले होते. रणदिवे तेथे राहिल्या नाहीत. परत येऊन त्यांनी परळच्या संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली व पुढील पिढीतील संशोधकांना तयार केले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, तर १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. एका महाविद्यालयीन शिक्षकाच्या घरात वाढलेल्या मुलीने परदेशातून आणलेली ही विद्या, पुढे अनेक दशकांनी त्याच संस्थेच्या खारघर येथील शाखेत उपयोगी पडावी, हा योगायोग म्हणता येणार नाही. संस्था टिकली म्हणून विद्या टिकली.

टी-पेशीची ओळख

येथे थोडे थांबून टी-पेशी म्हणजे काय ते पाहणे आवश्यक आहे. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशी रोगप्रतिकाराचे काम करतात. १९६१ मध्ये लंडन येथे जाक मिलर यांनी दाखवून दिले की, छातीच्या हाडामागील थायमस ही ग्रंथी, जी तोपर्यंत निरुपयोगी समजली जात होती, ती या कामासाठी अत्यावश्यक आहे. थायमसमध्ये तयार होणाऱ्या त्या टी-पेशी. अस्थिमज्जेत परिपक्व होऊन प्रतिपिंडे बनविणाऱ्या त्या बी-पेशी. बी-पेशी प्रतिपिंडे रक्तात सोडून दुरून मारा करतात, तर टी-पेशींचा एक प्रकार रोगग्रस्त पेशीला प्रत्यक्ष भिडून तिचा नाश करतो.

मग टी-पेशी कर्करोगाचा नाश का करीत नाहीत? कारण कर्करोगाची पेशी ही परकी नसते. ती आपल्याच पेशीतून बिघडलेली असते, आणि टी-पेशीला ओळख पटविणाऱ्या खुणा ती लपवू शकते. घरातलाच माणूस चोर निघाला तर पहारेकऱ्याची जी अडचण होते, तशीच ही अडचण आहे. या अडचणीवर मात करणे हा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या संशोधनाचा विषय आहे.

१९८३ : दुसऱ्याच्या पेशींची मदत

यातील पहिले यश अप्रत्यक्षपणे मिळाले. अमेरिकेत ई. डोनल टॉमस यांनी रक्ताच्या कर्करोगावर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा उपचार विकसित केला. त्यासाठी त्यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. टाटा रुग्णालयातील डॉ. सुरेश अडवाणी यांनी सिअ‍ॅटल येथे जाऊन हे तंत्र आत्मसात केले. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवरून काम करणाऱ्या या डॉक्टरांनी मार्च १९८३ मध्ये परळ येथे भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती आणि मज्जा तिच्या भावाची होती.

सुरुवातीस अशी समजूत होती की, प्रखर औषधे व किरण यांनी कर्करोग जळून जातो आणि नवी मज्जा केवळ रिकामी झालेली जागा भरून काढते. पुढे असे लक्षात आले की, दात्याच्या टी-पेशी रुग्णाच्या शरीरात उरलेल्या कर्करोगाच्या पेशींचाही नाश करतात. १९९० मध्ये म्युनिच येथे हान्स-योखेम कोल्ब यांनी प्रत्यारोपणानंतर आजार उलटलेल्या रुग्णांना दात्याच्या लिम्फोसाइट पेशी देऊन आजार आटोक्यात आणल्याचे दाखविले. म्हणजेच टी-पेशी हेच औषध होऊ शकते. परंतु दात्याच्या टी-पेशी रुग्णाच्या निरोगी अवयवांवरही हल्ला करीत, आणि जुळणारा दाता सर्वांनाच मिळत नसे. रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशींना शत्रू ओळखायला शिकविता आले तर या दोन्ही अडचणी दूर होणार होत्या.

टी-पेशीवरील कलम

आंब्याचे कलम करताना रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची डहाळी बांधतात. मुळे व जोम रोपाचा, फळ मात्र डहाळीचे. टी-पेशीच्या बाबतीत नेमके असेच कलम करण्यात आले. प्रतिपिंडाचे टोक आपले लक्ष्य अचूक ओळखते, परंतु पेशी मारण्याची शक्ती टी-पेशीत असते. प्रतिपिंडाचे ओळखणारे टोक टी-पेशीच्या पृष्ठभागावर बसविले तर दोन्ही गुण एकत्र येतील. असा प्रयोग १९८७ मध्ये जपानमधील योशिहिसा कुवाना व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि १९८९ मध्ये इस्रायलमधील झेलिग एशहार व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. या संमिश्र ग्राहकाला ‘कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर’ म्हणतात, आणि त्याच्या आद्याक्षरांवरून या उपचाराला ‘कार टी-पेशी उपचार’ हे नाव मिळाले.

कलम बांधले गेले, पण ते लगेच धरले नाही. पहिल्या पिढीतील अशा टी-पेशी शरीरात सोडल्यावर लवकर मरून जात. टी-पेशीला लक्ष्य ओळखण्याबरोबरच उत्तेजनाचा दुसरा संकेतही लागतो, तो या कलमात नव्हता. अमेरिकेतील मिशेल सादलें, दारिओ कम्पाना आदी संशोधकांनी हा दुसरा संकेत ग्राहकात समाविष्ट केला. त्यानंतर या पेशी शरीरात टिकू लागल्या व संख्येने वाढू लागल्या.

लक्ष्य म्हणून बी-पेशींवर आढळणारे सीडी-१९ हे प्रथिन निवडण्यात आले. रक्ताचे अनेक कर्करोग बी-पेशींपासून होतात. निरोगी बी-पेशींवरही हे प्रथिन असते, त्यामुळे त्यांचाही नाश होतो. पण बी-पेशींवाचून माणूस जगू शकतो आणि प्रतिपिंडे बाहेरून देता येतात, म्हणून हे लक्ष्य सोयीचे ठरले.

२०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांच्या गटाने प्रौढ रुग्णांवर हा उपचार केला. एप्रिल २०१२ मध्ये सर्व उपचार हरलेल्या सहा वर्षांच्या एका मुलीला तो देण्यात आला. टी-पेशी इतक्या वेगाने वाढल्या की त्यांच्या रासायनिक संदेशांच्या पुरामुळे तिची प्रकृती चिंताजनक झाली. संधिवातावर वापरले जाणारे टोसिलिझुमॅब हे औषध देण्याचा निर्णय ऐनवेळी घेतला गेला आणि मुलगी वाचली. तेव्हापासून हे औषध या उपचाराच्या सोबत हाताशी ठेवण्याची पद्धत पडली. ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या प्रकारच्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. त्याची जाहीर किंमत होती ४,७५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे तीन कोटी रुपये, आणि त्यात रुग्णालयाचा खर्च धरलेला नव्हता.

पवई आणि खारघर

या आकड्यापाशी भारतीय रुग्णाची वाट संपत होती. परदेशी उपचार विकत घेणे अशक्य आणि वाट पाहणेही अशक्य. अशा परिस्थितीत मुंबई आयआयटीच्या जीवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागातील प्रा. राहुल पुरवार यांनी पवईच्या प्रयोगशाळेत हा ग्राहक स्वतंत्रपणे तयार करण्याचे काम हाती घेतले. त्यांच्यासोबत अलका द्विवेदी, अथर्व करुलकर आदी तरुण संशोधक होते. परदेशी उपचारांत वापरलेले प्रतिपिंडाचे टोक उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेले होते. पवईच्या गटाने ते मानवी प्रथिनासारखे बदलून घेतले. टी-पेशीत नवे जनुक पोचविण्यासाठी निर्धोक केलेला विषाणू वाहक म्हणून वापरावा लागतो. हा वाहक आयात करणे हा खर्चाचा एक मोठा भाग असतो. तोही येथेच बनविण्यात आला.

प्रयोगशाळेतील पेशी रुग्णापर्यंत नेण्यासाठी रुग्णालय हवे होते. टाटा स्मारक केंद्राने २००२ पासून नवी मुंबईतील खारघर येथे आपले प्रगत संशोधन केंद्र सुरू केले होते, आणि पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागही परळहून तेथे नेला होता. १९८३ पासून साठत आलेला अनुभव त्या विभागाकडे होता. रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असताना त्याला जंतुसंसर्गापासून कसे जपावे, पेशी गोठवून कशा ठेवाव्यात, रात्री-अपरात्री ताप चढला तर काय करावे, ही माहिती पुस्तकांतून मिळत नाही. डॉ. गौरव नरूला, डॉ. हसमुख जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय चाचण्यांची जबाबदारी घेतली. चाचण्यांसाठी केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून १९.१५ कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर झाले.

४ जून २०२१ रोजी, कोविडची दुसरी लाट नुकतीच ओसरू लागली असताना, खारघर येथे भारतातील पहिला कार टी-पेशी उपचार करण्यात आला. त्याची प्रक्रिया साधारणपणे अशी असते. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. त्यांतील टी-पेशींमध्ये वाहक विषाणूद्वारे नव्या ग्राहकाचे जनुक घालतात. अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांची तपासणी करतात. दरम्यान रुग्णाला थोड्या दिवसांची केमोथेरपी देऊन नव्या पेशींसाठी जागा केली जाते, आणि मग त्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून परत देतात. या प्रत्येक रुग्णाचे औषध वेगळे असते, कारण ते त्याच्याच रक्तातून बनलेले असते.

आयआयटीच्या परिसरातून २०१८ मध्ये सुरू झालेल्या इम्युनोअ‍ॅक्ट या कंपनीने ‘नेक्सकार-१९’ या नावाने हा उपचार बाजारात आणला. बी-पेशींचे काही कर्करोग उपचारांना दाद देत नसतील किंवा उलटले असतील, अशा पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या उपस्थितीत पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. ६४ रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रतिसाद मोजता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांमध्ये आजार कमी झाला किंवा दिसेनासा झाला. अन्य सर्व उपाय थकलेल्या रुग्णांच्या बाबतीत हे यश मोठे आहे. तरी काहींचा आजार पुढे उलटला आणि काहींना गंभीर दुष्परिणाम झाले, हेही नोंदविले पाहिजे. दरम्यान बंगळूर येथील इम्युनील या कंपनीच्या अशाच उपचारालाही जानेवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

किंमत आणि अंतर

हा उपचार सुरू झाला तेव्हा त्याचा खर्च साधारण तीस ते चाळीस लाख रुपये सांगितला गेला. परदेशातील किमतीच्या तुलनेत तो सुमारे दहावा हिस्सा होतो, आणि ही निश्चितच मोठी कामगिरी आहे. परंतु दुसऱ्या बाजूने पाहिले तर भारतातील दरडोई वार्षिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आसपास आहे. आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण, २०१८ पासून, एका कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत आहे. तीस लाख म्हणजे एका सामान्य माणसाचे पंधरा वर्षांचे उत्पन्न, किंवा त्या संरक्षणाच्या सहापट रक्कम होय.

किमतीबरोबर अंतराचाही विचार केला पाहिजे. उज्जैनचे उदाहरण घेऊ. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी असलेल्या या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. नानाखेड्यासारख्या तेथील एखाद्या वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबात कोणाला रक्ताचा कर्करोग झाला, तर माळव्यातील कितीतरी रुग्णांप्रमाणे त्यांचीही पावले मुंबईकडे वळतात. अवंतिका एक्सप्रेसने संध्याकाळी निघून सकाळी मुंबई सेंट्रल गाठता येते. प्रवास एका रात्रीचा असला तरी मुक्काम मोठा असतो. टी-पेशी काढून घेणे, त्या तयार होईपर्यंत थांबणे, परत दिल्यानंतर काही आठवडे रुग्णालयाजवळ राहणे, यात महिने जातात. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते किंवा दुकान बंद राहते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्थांनी बाहेरगावच्या अशा कितीतरी कुटुंबांना आधार दिला आहे. औषधाच्या किमतीत हा खर्च कोठेही दिसत नाही, पण उपचार घ्यायचा की नाही हे कित्येकदा त्यावरच ठरते.

आणखी एक मर्यादा स्पष्टपणे मांडली पाहिजे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग होतो. त्यांत स्तन, तोंड आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचे प्रमाण मोठे आहे. अशा घट्ट गाठींच्या कर्करोगांवर कार टी-पेशींना अद्याप रक्ताच्या कर्करोगांइतके यश मिळालेले नाही. गाठीच्या आत शिरणे, तेथील प्रतिकूल परिस्थितीत टिकणे आणि निरोगी अवयवांना धक्का न लावणारे लक्ष्य सापडणे, या तिन्ही गोष्टी कठीण आहेत.

मात्र टी-पेशींचा उपयोग करण्याचा हा एकच मार्ग नव्हे. कर्करोग टी-पेशींना जो लगाम घालतो, तो सोडविणाऱ्या औषधांच्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन व तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधेही अतिशय महाग आहेत. टाटा स्मारक केंद्रातील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी यातील निव्होलुमॅब हे औषध प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी प्रमाणात, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने, डोके व मान यांच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगावर वापरून पाहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार केवळ गोळ्या घेणाऱ्या रुग्णांपैकी एक वर्षानंतर सुमारे १६ टक्के हयात होते, तर अल्प मात्रेतील औषध जोडलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के. खानोलकरांनी ज्या तंबाखूजन्य कर्करोगाचा अभ्यास केला, त्याच्याच रुग्णांसाठी त्याच संस्थेत हा प्रश्न विचारला गेला. औषध किती द्यावे हे बनविणाऱ्याने सांगितले म्हणून न स्वीकारता, आपल्या रुग्णाला किती पुरेल हे तपासणे, हाही संशोधनातील स्वावलंबनाचाच प्रकार आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी

हा इतिहास वर्गात शिकविण्यासारखा आहे. प्राणिशास्त्राच्या अध्यापकाला टी-पेशी व थायमस शिकविताना परळ व खारघरची उदाहरणे देता येतील. इतिहासाच्या वर्गात प्लेगचा काळ शिकविताना सक्ती आणि विश्वास यांतील फरक आगाखानांच्या कृतीतून समजावता येईल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला औषधाची किंमत कशी ठरते, सार्वजनिक निधीतून झालेल्या संशोधनाचा लाभ समाजाला कोणत्या अटींवर परत मिळावा, हे प्रश्न विचारायला लावता येतील. विशेषतः आपल्या विद्यार्थिनींना कमल रणदिवे यांचे नाव माहीत असले पाहिजे. विज्ञान शाखेत प्रवेश घेऊनही पुढे प्रयोगशाळेत न जाणाऱ्या मुलींची संख्या आपण सर्वजण पाहतो. ‘हे आपल्यातल्या कोणी केले आहे का?’ हा प्रश्न त्यांच्या मनात असतो, जरी तो वर्गात विचारला जात नाही.

टी-पेशींचे काम करणाऱ्या प्रयोगशाळांना केवळ मोठे शास्त्रज्ञ लागत नाहीत. पेशी मोजणारे, निर्जंतुक खोलीत तासन्‌तास काटेकोरपणे काम करणारे, प्रत्येक पिशवीवरील नाव व क्रमांक दोनदा पडताळून पाहणारे तंत्रज्ञ लागतात. एका रुग्णाच्या पेशी दुसऱ्याला गेल्या तर अनर्थ होईल. अशी माणसे सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान शिकविणाऱ्या साध्या महाविद्यालयांतूनच येणार आहेत. सूक्ष्मदर्शकावर धूळ साचू न देणे आणि विद्यार्थ्याकडून प्रात्यक्षिक स्वतःच्या हाताने करून घेणे, एवढे जरी आपण केले तरी या कार्यात आपला वाटा पडेल.

समारोप

प्लेगची लस, पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा, अस्थिमज्जा प्रत्यारोपण आणि कार टी-पेशी उपचार या चारही प्रसंगांत मूळ ज्ञान किंवा ते जाणणारा माणूस बाहेरून आला, पण येथील संस्थांनी ते आत्मसात केले, येथे बनविले आणि म्हणून ते येथील रुग्णाला मिळू शकले. मेहरबाई टाटा यांच्यासाठी १९३१ मध्ये साऱ्या जगात उपचार नव्हता. आज त्याच कुळातील काही रोगांवरचा उपचार नवी मुंबईत तयार होतो. नव्वद वर्षांतील हे अंतर दानशूरांनी, शासनाने, डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी मिळून कापले आहे.

उरलेले अंतर किमतीचे आहे. १८९७ मध्ये लस तयार झाल्यावर ती लोकांपर्यंत नेण्यासाठी समाजातून माणसे पुढे आली होती. टी-पेशी उपचार तयार झाल्यावर आता तेच काम शासकीय विमा योजना, धर्मादाय न्यास आणि सर्व समाजांतील शिक्षण व सेवा संस्था यांच्यासमोर आहे. खारघरला जे बनले ते नानाखेड्याच्या रुग्णाला घर न विकता मिळू लागेल, तेव्हाच सव्वाशे वर्षांची ही वाटचाल पूर्ण झाली असे म्हणता येईल.